कानावरचे केस

अनिरुद्ध,

सगळे म्हणतात, तू शांतपणे गेलास. तुझ्या ऑफिसमधली माणसं येऊन म्हणाली, मंडळातल्या काकू म्हणाल्या, खालच्या मजल्यावरची प्राजक्ता तर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ॲट लीस्ट शेवटी त्याला त्रास नाही झाला गं." मी मान हलवली आणि तिला चहा करून दिला. पण तू शांतपणे गेला नाहीस, हे मला माहीत आहे. तू चिडलेला होतास. पांघरुणावर चिडायचास, उशीवर चिडायचास, कुणीतरी आणून ठेवलेल्या फुलांवर चिडायचास. नर्स आली की "आय ॲम फाइन, थँक यू" म्हणायचास आणि ती गेली की भिंतीकडे तोंड फिरवायचास. मी पाणी घेऊन आले की म्हणायचास, "ठेव तिथे आणि जा." मी पाणी ठेवायचे, पण जायचे नाही.

मला तुझं ते चिडणं हवं आहे. लोकांनी तुला फार घाईने शहाणा आणि समजूतदार करून टाकलंय. फोटोला हार घातलाय, आणि त्यातला तो हसरा माणूस मला दिवसेंदिवस अनोळखी वाटायला लागलाय. म्हणून हे लिहितेय. ऐकणारं कुणी नाही हे कळतं मला, पण दुसऱ्या कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आपण अमेरिकेत बॉथेलला आलो तेव्हा तुझ्याकडे नोकरी होती आणि माझ्याकडे तुझ्या व्हिसावर राहण्याची परवानगी. नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी मी, इथे दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. नोकरी करायला मनाई, कार चालवायला येत नव्हती, आणि तू घरी आलास की मी तुझ्यावर डाफरायचे. तेव्हा तू लायब्ररीतल्या बोर्डावर एक चिठ्ठी वाचून आलास. जपानी लाकडी ठशांच्या छपाईचा क्लास, दर शनिवारी.

"तू जा. मी ड्राइव्ह करून सोडतो, परत न्यायला येतो."

"एकटी नाही जाणार मी. तू बसणार असशील तर जाते."

तू कुरकुरत बसलास. आणि मग तूच अडकलास.

मिचिकोचं गॅरेज मला अजून त्या पहिल्या दिवशीसारखं दिसतं. एका बाजूला तिची जुनी गाडी, दुसऱ्या बाजूला चेरीच्या लाकडाच्या फळ्या, मधे बुटकी टेबलं. वडील क्योटोला छपाईचं काम करायचे, ही लग्न करून अमेरिकेत आली, नवरा गेल्यावर गॅरेजात शिकवायला लागली. आपल्याकडे बघून ती म्हणाली, "जुन्या पद्धतीत तीन माणसं लागतात. एक चित्र काढतो, एक ठसे कोरतो, एक छापतो. मी चित्र काढते. तुमच्यापैकी कोण काय करणार?" तू आधीच कोरायची सुरी उचलून तिची धार अंगठ्याने बघत होतास. मी केमिस्ट्री शिकवायचे हे कळल्यावर तिने माझ्यासमोर शाई आणि तांदळाच्या खळीचं भांडं सरकवलं. झालं आपलं वाटप. घरी येताना तू तिला मिचिकोमावशी करून टाकलंस. पुढच्या शनिवारी तिच्या तोंडावर म्हणालासही. तिने अर्थ विचारला, तू आईची बहीण म्हणालास, आणि तेव्हापासून ती तुला जपानी रीतीने "अनिसान" म्हणायला लागली.

पहिलं खरं चित्र तिने तुला दिलं तेव्हा तू ते फळीवर चिकटवेचनास. पातळ कागदावर काढलेलं चित्र उलटं चिकटवायचं आणि त्याच्या रेषा सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायचं. कोरता कोरता चित्र संपतं, उरतो तो ठसा.

"म्हणजे तुमचं मूळ चित्र मी नष्ट करायचं?" तू विचारलंस.

"हो."

"आणि माझ्या हातून ठसाही बिघडला तर?"

"तर दोन्ही गेलं," ती म्हणाली. "म्हणून नीट कोर."

त्या दिवशी तू कोरलं नाहीस. पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या वेळी तिनेच खळ लावून चित्र चिकटवलं, तुझ्या हातात सुरी दिली आणि आत निघून गेली. ती परत आली तेव्हा तू एकच रेष कोरली होतीस आणि तुझा शर्ट पाठीवर भिजला होता. पण ती रेष चांगली होती. तुझं तोंड बघून मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की या माणसाला नोकरीपलीकडचं काहीतरी सापडलंय.

आपण भांडायचो ते आठवलं की आता हसू येत नाही, पण भांडायचो खूप. मी म्हणायचे, तू एकदा कोरून मोकळा होतोस, मला मात्र दर कागदाला पहिल्यापासून सगळं करावं लागतं. शाई लावा, खळ लावा, ओलसर कागद खुणेला बरोबर लावा, वरून चकतीने घासा. बांबूच्या पानात गुंडाळलेल्या त्या चकतीने माझ्या मनगटाचा सांधा धरायचा.

"तुझं काम पोळ्यांसारखं आहे," तू म्हणालास. "रोजच्या आणि प्रत्येक वेगळी."

"आणि तुझं?"

"मी पोळपाट करतो."

मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. मग तूच सकाळी पोळ्या लाटायला घेतल्यास आणि त्या कुठल्याच देशाच्या नकाशासारख्या नव्हत्या. बोलणं सुरू झालं.

मिचिकोने क्योटोमधल्या एका म्हाताऱ्या कोरणाऱ्याला विचारून ठेवलं होतं. वर्षभर हाताखाली घ्यायला तयार होता तो. पण तू नोकरी सोडली असतीस तर ग्रीन कार्डची फाइल तिथेच संपली असती. मी म्हणाले, जा. तू म्हणालास, "कार्ड येऊ दे. कार्ड आलं की तू कॉलेजात शिकवशील, मग मी निवांत जाईन." मी म्हणाले, माझ्यासाठी थांबू नकोस. तू म्हणालास, मी कुणासाठी थांबत नाहीये, मला घाई नाही. हे आपण कितीदा बोललो असू. डोसा करताना, कॉस्टकोच्या रांगेत, कपड्यांच्या घड्या घालताना. तू माझ्यासाठीच थांबला होतास. मला ते कळत होतं, आणि मला ते आवडतही होतं. हे तुला सरळ शब्दांत कधी सांगितलं नाही. नवराबायको असं काही सांगत बसत नाहीत. वेळ आहे असं वाटत असतं.

मग मिचिकोने माझं चित्र काढलं.

मला न सांगता काढलं. मी खाली वाकून कागद घासतेय, बाजूने दिसतेय, अंबाडा सुटत आलाय आणि कानावरचे केस मोकळे होऊन गालावर आलेत. तिने ते तुझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आता तू केस कोरू शकशील." जुन्या कारखान्यांत शिकाऊ मुलं कपडे कोरायची, झाडं कोरायची, आकाशाची जागा खोदून मोकळी करायची. केस मात्र मुख्य कोरणारा स्वतः कोरायचा, आणि त्यातही कपाळापाशी, कानापाशी जिथे केस कातडीला भेटतात ती जागा सगळ्यात शेवटी. एकेक केस म्हणजे दोन कापांच्या मधे उभी राहिलेली लाकडाची बारीक धार. हात जरा घसरला की केस तुटला.

तू त्याच दिवशी नागपूरला फोन लावलास.

"आई, मी हिचे केस कोरतोय."

"म्हणजे काय करतोयस रे?" आई घाबरून म्हणाल्या. "बरी आहे ना ती?"

तू इतका हसलास की फोन मला घ्यावा लागला.

तो हिवाळा आपला चांगला गेला, अनिरुद्ध. तू मानेपासून सुरुवात केलीस, अंबाडा केलास, मग डोक्यावरचे केस. मधेच उठून माझ्याजवळ यायचास, कानामागची बट बोटावर घेऊन उजेडाला बघायचास आणि परत जाऊन बसायचास. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्याकडे असं कुणी बघेल असं मला वाटलं नव्हतं. एवढं मिळालं मला. हे मी विसरत नाही. पण हे आठवलं की बरं वाटायला हवं ना? तसं होत नाही. आठवलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिथेही तूच नसतोस.

पोटात दुखायला लागलं तेव्हा तू ॲसिडिटी म्हणालास. मीही ॲसिडिटी म्हणाले. स्कॅन झाला तोवर ते आतड्यातून लिव्हरमध्ये गेलं होतं. केमो सुरू झाली. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, या औषधाने बोटं बधिर होतात, गार वस्तूला हात लावू नका. तू फ्रिजमधून दूध काढायला हातमोजे घालायचास. शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. आणि तरी शनिवारी तू गॅरेजात जाऊन बसायचास.

एक केस तुटला. मिचिकोने तिथे लाकडाचा कण बसवून दिला, म्हणाली, माझ्या वडिलांच्या वेळीही हे चालायचं. तू तो परत कोरलास. मग दुसरा तुटला, त्याच्या शेजारचा तिसरा. तू सुरी खाली ठेवलीस आणि हाताकडे बघत राहिलास.

"कळतच नाही गं," तू म्हणालास, "सुरी कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं."

फक्त कानावरचा भाग राहिला होता.

त्यानंतरची डॉक्टरची भेट. तू विचारलंस, "ते एक औषध थोडे दिवस थांबवता येईल का? बोटांसाठी?" डॉक्टर म्हणाला, डोस कमी करता येतो, थांबवताही येतं, पण सध्या ट्यूमर आटोक्यात ठेवतंय ते तेच औषध आहे. ठरवायचं तुम्ही. बाहेर पार्किंग लॉटमध्ये आपण भांडलो. तू हळू आवाजात, मी ओरडून.

"थोडे दिवस फक्त. तेवढा कान झाला की परत सुरू करू."

"वेड लागलंय का तुला? कान कसला घेऊन बसलायस?"

"मला एक काम पूर्ण करायचंय. एक. आयुष्यात."

"राहू देत ते केस. तू राहा."

तू गाडीत बसलास. घरी आल्यावर सोफ्यावर बसून बूट काढायला वाकलास, तुला नाडी सुटेना, मी खाली बसून सोडवली. वरून तू म्हणालास, "ठीक आहे." औषध चालू राहिलं.

हा वाद मी रोज घालते तुझ्याशी. आजही मी तेच म्हणेन. त्या पार्किंग लॉटमध्ये मला पुन्हा उभं केलं तरी मी तेच ओरडेन, कारण त्या वेळी दुसरं काय म्हणणार होते मी? पण केस राहिले नाहीत आणि तूही राहिला नाहीस. औषधाने काही महिने दिले असतील. त्या महिन्यांत तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. ते महिने तुला नको होते आणि मला हवे होते, आणि मला हवं ते झालं. मी बरोबर होते का, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. तो "ठीक आहे" एवढंच बोलून गप्प झाला.

ठसा तू घरी आणून समोर ठेवला होतास, शेवटी शेवटी म्हणालास, "तो ठसा माझ्यासमोरून ने." मी तो टॉवेलात गुंडाळून मिचिकोकडे पोचवला. तू परत त्याचं नाव काढलं नाहीस. मीही नाही काढलं.

आता इथल्या गोष्टी सांगते. फाइल तुझ्या नावाची होती, तू गेलास, फाइल संपली. वकीलबाई फोनवर चांगल्या बोलल्या, दोनदा सॉरी म्हणाल्या. मला परत नागपूरला जावं लागणार. तू असताना मला इथे नेहमी कंटाळा यायचा, आणि आता हे पार्किंग लॉटसुद्धा सोडवत नाही. प्राजक्ता आणि तिचा नवरा रोज येऊन खोकी भरतात. तुझे स्वेटर तिने विचारून नेले, देऊन टाकायला. मी हो म्हणाले. मग खिडकीतून तिच्या गाडीत ते स्वेटर ठेवताना बघितले आणि खाली धावत जाऊन एक परत आणला. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी चप्पल घातली नव्हती.

मग आईंचा फोन आला. त्या आता फार बोलत नाहीत. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या, "तो तुझे केस करत होता ना गं, ते घेऊन ये. मला बघायचंय त्याने काय केलं ते."

म्हणून मी मिचिकोकडे गेले.

तिने ठसा टेबलावर काढून ठेवला होता. कानावर, जिथे तू थांबलास, तिथे चित्राचा कागद अजून तसाच चिकटलेला. तिने काढलेले केस त्यावर शाईत स्पष्ट दिसत होते, एकेक. बाकी चित्र तू कोरून संपवलं होतंस, एवढाच तुकडा उरला होता.

"ऑरेगॉनमध्ये एक जण आहे," मिचिको म्हणाली. "हात चांगला आहे त्याचा. एवढंसं काम आहे, तो करून देईल. जुन्या काळी असंच व्हायचं. एक कोरणारा गेला की दुसरा पुरं करायचा. अनिसानलाही चाललं असतं."

चाललं असतं का तुला? मी तिथे उभी राहून खूप विचार केला. निरोगी असताना विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, कोण कोरतो याला महत्त्व नाही, काम पुरं होऊ दे. आजारी असताना विचारलं असतं तर तू काहीच म्हणाला नसतास. यातल्या कुठल्या तुझं ऐकायचं, ते मला कळेना.

"आणि आज छापायचं असेल तर?" मी विचारलं.

"आज छापायचं तर हा कागद धुऊन काढावा लागेल," ती म्हणाली. "मग रेषा राहणार नाहीत. त्यानंतर कुणालाच ते कोरता येणार नाही. मला पुन्हा काढता येईल, पण ते हे नसेल."

मी तिला सांगितलं, की त्या माणसाने माझे केस बघितलेले नाहीत. हे काही कारण नाही, मला माहीत आहे. पण तिला ते कळलं असावं. तिने पाण्याचं भांडं माझ्यासमोर ठेवलं आणि ती बाजूला झाली.

मी अंगठा भिजवून कागदावर फिरवला. तो आधी फुगला, मग त्याचे बारीक बारीक गोळे व्हायला लागले. केस त्या गोळ्यांत गेले. खाली नुसतं लाकूड राहिलं, सपाट, न कापलेलं. मी थांबले असते तर अर्धे तरी वाचले असते. मी थांबले नाही.

मी येणार हे कळवल्यावर मिचिकोने आदल्या दिवशीच कागद ओले करून ठेवले होते. मी शाई लावली, खळ लावली, ब्रशने फिरवली. कानावरच्या त्या भागावर शाई चढल्यावर ती म्हणाली, "तेवढं फडक्याने पुसून घे. तिथे पांढरं राहील. तुझ्या सासूला कळणारही नाही काही राहिलंय ते."

"नाही," मी म्हणाले. "राहू दे."

पहिला कागद उचलला. मान होती, अंबाडा होता, डोक्यावरचे केस इतके बारीक होते की फुंकर मारली तर हलतील असं वाटलं. हे तू केलंस. हे सगळं तुझ्या हातचं आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की मला त्याच्याकडे नीट बघता येईना. आणि कानावर एक काळा ठोकळा. तिथून माझा गाल काळ्यात बुडाल्यासारखा दिसत होता.

मिचिकोने तो कागद दोरीवर टांगला. आईंसाठी एक प्रत झाली होती, तेवढीच हवी होती. मी पुन्हा शाई लावली. पुढचा ओला कागद तिने माझ्या हातात दिला.

मी छापत राहिले. दोरी भरली, मग तिने टेबलावर पसरायला सुरुवात केली, मग गाडीच्या बॉनेटवर. माझं मनगट दुखायला लागलं. मी केमिस्ट्री शिकवलेली बाई आहे, अनिरुद्ध. लाकडात जे केस कोरलेलेच नाहीत ते कागदावर उमटत नाहीत, हे मला कळतं. पण प्रत्येक कागद कोपऱ्याला धरून उचलताना मला वाटत होतं, या खेपेला उमटतील.

कागद संपले तेव्हा मी थांबले.